कोडांवर नालासोपाऱ्याचा नकाशा काढू नका

आरोग्यावर बोलणाऱ्यांच्या बैठकीत हल्ली एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. त्यात संगणक आहे, आकडे आहेत आणि तळमळही आहे, त्यामुळे तो ऐकणाऱ्याला पटतो. तो असा: केसपेपर संगणकावर आले. सप्टेंबर २०२१ मध्ये डिजिटल आरोग्य अभियान देशभर सुरू झालं, लोकांकडे चौदा आकडी ‘आभा’ क्रमांक आले. प्रत्येक निदानाला जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीतला एक कोड असतो, आणि लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या आजारांचे कोड ए-५० ते ए-६४ असे एका रांगेत बसलेले आहेत. तेवढे गाळून काढा, पत्त्यांशी जोडा, की वसई-विरारच्या कुठल्या प्रभागात किती गरमी आणि किती परमा हे एका दुपारात कळेल. मग तिथेच दवाखाना काढा, तिथेच शिबिर घ्या, तिथेच निरोध वाटा.

या युक्तिवादाचीच एक उलटी बाजू आहे, आणि ती जास्त धोकादायक आहे. ‘कोड शोधले, फारसं काही सापडलं नाही. आपल्याकडे हा प्रश्नच नाही, मग खर्च कशाला?’ पहिलं म्हणणं उत्साही माणसाचं, दुसरं पैसे वाचवू पाहणाऱ्याचं. दोघांचं एका गोष्टीवर मात्र एकमत आहे: कोड दिसला म्हणजे रोग आहे, कोड नाही म्हणजे रोग नाही. माझं म्हणणं असं की या शहरात ही दोन्ही विधानं चूक आहेत. ती थोडीथोडकी चूक नाहीत. त्यांवर उभं केलेलं धोरण आजारी बाईला सोडून देईल आणि निरोगी बाईवर शिक्का मारेल, इतकी ती चूक आहेत.

मुळात हा कोड कुठून आला ते पाहू. १८९३ मध्ये झाक बर्तियाँ या फ्रेंच सांख्यिकाने मृत्यूच्या कारणांची एक यादी केली. आजच्या वर्गीकरणाचं मूळ तिथे आहे. म्हणजे ही यादी जन्माला आली ती मेलेल्यांची मोजदाद करायला. जिवंत माणसांचे आजार तिच्यात रीतसर आले ते १९४८ च्या सहाव्या आवृत्तीत. अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून अमलात आली, तरी आपल्याकडे अजून बहुतेक ठिकाणी दहावीच चालते. यादी उत्तम आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण डॉक्टरने जे लिहिलं त्याला ती क्रमांक देते, यापलीकडे तिच्याकडून अपेक्षा करता येत नाही. तपासणी झालीच नसेल, तर तो क्रमांक एका अंदाजाचा क्रमांक असतो. संगणकाच्या पडद्यावर मात्र अंदाज आणि खात्री एकाच अक्षरात उमटतात.

आता वसईतल्या वालीवच्या एखाद्या गाळ्यात काम करणारा, नालासोपाऱ्यात राहणारा तरुण डोळ्यांसमोर आणा. लघवीला आग होते आहे, पू येतो आहे. परमा आहे हे त्यालाही कळलेलं आहे. तो कुठे जाईल? पहिल्यांदा मेडिकलवाल्याकडे. तिथे अॅझिथ्रोमायसिन मिळतं, केसपेपर होत नाही. दुसरा मार्ग गल्लीतल्या डॉक्टरचा, पदवी असलेल्या किंवा नसलेल्या. तिथे इंजेक्शन मिळतं, चिठ्ठी मिळाली तर मिळाली. तिसरा मार्ग रेल्वेलगतच्या भिंतींवर रंगवलेल्या जाहिरातींतल्या ‘गुप्तरोगतज्ज्ञा’चा, जिथे परमा आणि ‘कमजोरी’ यांना एकच पुडी चालते. आणि ज्याला थोडी समज आणि थोडे पैसे आहेत, तो विरार लोकल पकडून बोरिवलीला किंवा दादरला उतरतो, कारण तिथे त्याला कुणी ओळखत नाही. त्याची नोंद झालीच तर ती मुंबईत होते. मुंबईची एड्स नियंत्रण संस्था वेगळी आहे आणि उरलेल्या महाराष्ट्राची वेगळी. म्हणजे तो माणूस नालासोपाऱ्यात राहतो आणि त्याचा परमा दुसऱ्याच वहीत राहतो. या चार रस्त्यांपैकी एकही रस्ता वसई-विरारच्या नोंदीतल्या परम्याच्या कोडाकडे, ए-५४ कडे, येत नाही.

दिवाळीनंतर पालघर जिल्ह्यातल्याच जव्हार, मोखाडा, विक्रमगडहून वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर येणाऱ्या कुटुंबांची गोष्ट आणखी बिकट. गावचं आरोग्य केंद्र मागे राहिलं आणि भट्टीजवळचा दवाखाना अनोळखी. पावसाळ्याआधी ती परत जातात. पत्त्याच्या रकान्यात काय लिहायचं, इथपासूनच अडचण सुरू होते. प्रभागनिहाय नकाशा काढणाऱ्याने या माणसांना कुठल्या प्रभागात रंगवायचं ठरवलं आहे?

हे झालं न सापडणाऱ्यांबद्दल. आता सापडणाऱ्यांकडे वळू, कारण खरा घोळ तिथे आहे.

सरकारी दवाखान्यात स्त्रिया ज्या तक्रारीसाठी पुष्कळदा येतात, तिला आपल्याकडे ‘अंगावरून पांढरं जाणं’ म्हणतात. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमात अशा तक्रारींवर लक्षणांवरून उपचार करण्याची पद्धत आहे. लक्षणांचे गट पाडलेले आहेत आणि प्रत्येक गटाला रंगाची पिशवी: पुरुषाचा पू किंवा गर्भाशयमुखाचा दाह असेल तर करडी, योनिदाह असेल तर हिरवी, जननेंद्रियावर व्रण असेल तर पांढरी, नागिणीसारखे फोड असतील तर लाल, ओटीपोट दुखत असेल तर पिवळी, जांघेत गाठ असेल तर काळी, पेनिसिलिन चालत नसेल तर निळी. करड्या पिशवीत एक ग्रॅम अॅझिथ्रोमायसिन आणि ४०० मिलिग्रॅम सेफिक्सिम. हिरवीत सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल. ज्या ठिकाणी प्रयोगशाळा नाही, बाई पुन्हा येईल याची खात्री नाही, तिथे ही पद्धत माणुसकीची आहे. एका फेरीत औषध तोंडात जातं. ज्यांनी ती आखली त्यांना मी नावं ठेवणार नाही.

पण ती आखली उपचारासाठी, मोजणीसाठी नव्हे. पांढरं जाण्याची कारणं अनेक. काही वेळा ते पूर्णपणे नैसर्गिक असतं. पुष्कळदा योनीतल्या जंतूंचं संतुलन बिघडलेलं असतं किंवा बुरशीचा संसर्ग असतो; हे दोन्ही लैंगिक संबंधांतून आलेले आजार म्हणून मोजले जात नाहीत. थोड्या वेळा ट्रायकोमोनास असतो, त्याहून थोड्या वेळा परमा किंवा क्लॅमिडिया. लक्षणांवरून यांतलं कुठलं हे ओळखणं अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञालाही कठीण. शासकीय अहवालांत तर ‘आरटीआय/एसटीआय’ असा जोडरकानाच असतो. जननमार्गाचे सगळे संसर्ग आणि लैंगिक संबंधांतून आलेले संसर्ग एकाच बेरजेत. ती बेरीज हातात घेऊन जो ‘वसईत गुप्तरोग वाढले’ असं म्हणतो, तो कदाचित पावसाळ्यात ओले कपडे अंगावर वाळवणाऱ्या बायकांची बुरशी मोजत असतो.

थोडं गणित करू. पुढचे आकडे फक्त मानलेले आहेत, पण त्यांची चाल खरी आहे. एका भागात दहा हजार स्त्रिया आहेत. त्यांतल्या शंभरात दोघींना, म्हणजे २०० जणींना क्लॅमिडिया आहे. या आजारात बहुतेक स्त्रियांना काहीच जाणवत नाही. ७० टक्क्यांना लक्षणं नसतात असं धरलं, तर त्रास होणाऱ्या राहिल्या ६०. त्यांतल्या निम्म्या दवाखान्यात आल्या, म्हणजे ३०, आणि त्या सगळ्यांना कोड मिळाला. आता उरलेल्या ९,८०० पाहा. त्यांना क्लॅमिडिया नाही, पण वर्षभरात दहातल्या एकीला पांढरं जाण्याचा त्रास होतो: ९८०. त्यांतल्या निम्म्या आल्या: ४९०. तक्रार तीच, म्हणून कोडही तोच. झाले एकूण ५२० कोड. त्यांत खऱ्या रुग्ण ३०, म्हणजे शंभरातल्या सहासुद्धा नाहीत. आणि खऱ्या २०० पैकी १७० जणी नोंदीत नाहीतच. डॉक्टरने काहीही चुकीचं केलं नाही, कारकुनाने काहीही चुकीचं टिपलं नाही, संगणक एकदाही बंद पडला नाही, तरीही असं झालं.

लक्षणं नसलेल्या आजाराबद्दल मराठी वाचकाला नवीन काही सांगायला नको, कारण त्याचा सगळ्यांत गाजलेला पुरावा आपल्याच राज्यातला आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीच्या दोन गावांत ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि जानेवारी १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने तो अभ्यास छापला. ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाला, सरासरीने एकीला ३.६ आजार. तक्रार मात्र ५५ टक्क्यांचीच होती. आणि आधी कधी स्त्रीरोगासाठी तपासणी व उपचार झालेल्या किती? ८ टक्के. समजा त्या दोन गावांत तेव्हा आजचे संगणक असते, आभा क्रमांक असते, कोड असते. त्या यंत्रणेने काय सांगितलं असतं? गाव निरोगी आहे, असं. ९२ टक्के हा आकडा बंग दांपत्याला मिळाला तो नोंदी चाळून नव्हे. स्त्रियांची प्रत्यक्ष तपासणी केली, नमुने प्रयोगशाळेत पाहिले, तेव्हा तो मिळाला.

रुग्णालयातल्या नोंदी जरा बऱ्या असतात, असं कुणी म्हणेल. तिथे वैद्यकीय अभिलेख विभाग असतो, डिस्चार्ज कार्ड वाचून कोड लावणारा माणूस असतो. खरं आहे. पण परम्यासाठी दाखल कोण होतं? बाह्यरुग्ण विभागाच्या गर्दीत कोड लावायला कुणाला वेळ नसतो, आणि आपल्याकडे बाह्यरुग्णाचं बिल कोडवर अवलंबूनही नसतं. दाखल होतात ते या आजारांचे परिणाम. वर्षानुवर्षं दबलेला संसर्ग गर्भनलिका खराब करतो आणि एक दिवस बाई नलिकेतला गर्भ फुटून येते: तिचा कोड ओ-००. मूल होत नाही म्हणून येते: एन-९७. ओटीपोटाच्या दाहाने येते: एन-७३. पुरुष वृषणाच्या सुजेने येतो: एन-४५. यांतला एकही क्रमांक ए-५० ते ए-६४ च्या रांगेत नाही. त्या रांगेवर जाळं टाकणाऱ्याच्या हाती आजाराची सुरुवात लागत नाही आणि शेवटही लागत नाही.

उलट दिशेची एक गंमतही सांगतो. ‘धातू जाते’ म्हणून घाबरून आलेला तरुण आपल्याकडे प्रत्येक डॉक्टरने पाहिलेला असतो. त्याला संसर्ग नसतो. लहानपणापासून डोक्यात भरवलेली भीती असते. दहाव्या आवृत्तीत या धात-विकाराला मानसिक आजारांच्या प्रकरणात, एफ-४८.८ मध्ये, चक्क नावानिशी जागा आहे. पण तो काउंटरवर सांगतो की ‘पांढरं जातं’, आणि पुरुषाचं पांढरं म्हटलं की करडी पिशवी. समुपदेशन हवं होतं, प्रतिजैविक मिळालं, आणि नोंदीत परम्याचा एक रुग्ण वाढला.

कोडांच्या बाजूने सगळ्यांत भक्कम उदाहरण देता येईल ते गरमीचं, म्हणजे उपदंशाचं. इथे तरी रक्ताची तपासणी होते, गरोदर स्त्रियांची तर सरसकट व्हायला हवी, म्हणून कोडामागे काही पुरावा असतो. मान्य. तरीही दोन खड्डे आहेत. जुन्या पद्धतीची आरपीआर किंवा व्हीडीआरएल तपासणी गरोदरपणात, हिवतापात, कुष्ठरोगात खोटी होकारार्थी येऊ शकते, आणि पालघर जिल्ह्याला हिवताप व कुष्ठरोग दोन्ही परके नाहीत. बोटातून रक्ताचा थेंब घेऊन होणारी झटपट तपासणी वेगळ्या प्रकारची असते. ती एकदा होकारार्थी आली की बहुधा जन्मभर तशीच येते, आजार पूर्ण बरा झाला तरी. पहिल्या बाळंतपणात पेनिसिलिन घेऊन बरी झालेली बाई दुसऱ्या बाळंतपणात पुन्हा ‘उपदंश’ म्हणून नोंदली जाईल. संगणक तिला नवा रुग्ण समजेल. आणि उपदंशामुळे पोटातच दगावलेल्या बाळाची आई तपासलीच गेली नसेल, तर त्या बाळाचा कोड फक्त ‘कारण अस्पष्ट’ एवढंच सांगेल.

हे सगळं तांत्रिक वाटत असेल, तर कोड वाकवणाऱ्या भीतीकडे पाहा. सतरा वर्षांची मुलगी संसर्ग घेऊन आली, तर पॉक्सो कायद्याच्या १९ व्या कलमाप्रमाणे डॉक्टरला पोलिसांना कळवावं लागतं; न कळवणं हा गुन्हा आहे. कायद्याचा हेतू चांगला आहे, त्याबद्दल वाद नाही. पण ती मुलगी लग्न होऊन आलेली असेल, तिची सासू शेजारी उभी असेल, तर त्या केसपेपरवर ‘लघवीचा संसर्ग’ लिहिण्याचा मोह किती मोठा असतो, हे दवाखान्यात बसणाऱ्यांना विचारा. विवाहित बाईच्या कागदावर ‘लैंगिक आजार’ लिहिला की तो कागद घरी कुणाच्या हाती पडेल, ही चिंता वेगळी. कित्येक विमा पॉलिसींत गुप्तरोगांचा खर्च वगळलेला असे, तेव्हा रुग्णाच्या भल्यासाठी म्हणूनही दुसरं काही लिहिलं जाई. म्हणजे कोडात फक्त अज्ञान नसतं, दयाही असते, आणि दोन्ही आकडा बिघडवतात. ज्या डॉक्टरने रुग्णाला वाचवायला ‘एन-३९’, म्हणजे लघवीच्या संसर्गाचा कोड, लिहिला त्याला मी दोष देणार नाही. त्या ‘एन-३९’ वर विसंबून शहराचं अंदाजपत्रक करणाऱ्याला देईन.

आता प्रतिपक्षाची उत्तरं घेऊ, कारण ती आहेत आणि ती पोरकट नाहीत.

पहिलं उत्तर: काहीच नसण्यापेक्षा अपुरी माहिती बरी. हे नेहमीच खरं नसतं. एचआयव्हीच्या बाबतीत काय झालं ते आठवा. २००६ पर्यंत भारतात ५७ लाख लोकांना एचआयव्ही असल्याचा अंदाज जगभर सांगितला जात होता. तो मुख्यतः प्रसूतिपूर्व तपासणीच्या आणि गुप्तरोगाच्या दवाखान्यांत येणाऱ्यांच्या रक्तावर बांधलेला होता. मग तिसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात, २००५-०६ मध्ये, घरोघरच्या सुमारे एक लाख लोकांचं रक्त तपासलं गेलं, देखरेखीची केंद्रंही वाढवली गेली, आणि जुलै २००७ मध्ये अंदाज खाली आला: सुमारे २५ लाख. वर्षभरात रोग अर्ध्यावर आला नव्हता. सरकारी दवाखान्याची पायरी चढणारी माणसं म्हणजे सगळं गाव नव्हे, एवढंच सिद्ध झालं. आणि तिथे निदान रक्त तपासलेलं होतं! आपण तर न तपासलेल्या कोडांबद्दल बोलत आहोत.

दुसरं उत्तर जास्त हुशार आहे: चूक असेल, पण ती सगळीकडे सारखीच; म्हणून दोन प्रभागांची तुलना चालेल, दोन वर्षांची चालेल. चूक सारखी असती तर मीही मान डोलावली असती. पण वसई पश्चिमेच्या सुखवस्तू बाईचा नमुना खासगी प्रयोगशाळेत जातो आणि तिचं निदान नेमकं होतं, तर नालासोपारा पूर्वेच्या चाळीतली बाई पिशवी घेऊन घरी जाते. एकीच्या कोडामागे तपासणीची काच आहे, दुसरीच्या कोडामागे तक्रार. वर्षांचंही तसंच. समुपदेशकाची जागा भरली की नोंदी वाढतात, रिकामी पडली की घटतात. पिशव्या संपल्या की रुग्ण ‘कमी’ होतात. सॉफ्टवेअर बदललं आणि यादीत ‘अनिर्दिष्ट लैंगिक आजार’, म्हणजे ए-६४, वरच्या बाजूला आला, की त्याची साथ आल्यासारखी दिसते. अशा आलेखात चढ-उतार नक्कीच दिसतील. ते कर्मचाऱ्यांच्या बदल्यांचे आणि औषधपुरवठ्याचे असतील.

तिसरं उत्तर क्षयरोगाचं. २०१२ पासून क्षयरोगाची नोंद सक्तीची झाली, खासगी डॉक्टरही ‘निक्षय’ या सरकारी पोर्टलवर नोंदवू लागले, आकडे आले, मग इथे का नाही? उदाहरण चांगलं आहे, पण ते माझ्या बाजूचं आहे. क्षयाची नोंद थुंकीच्या तपासणीशी, रेण्वीय चाचणीशी, महिनोन्‌महिने चालणाऱ्या उपचाराशी बांधलेली आहे. तिथे नाव येतं त्यामागे पुष्कळदा प्रयोगशाळा उभी असते. अमेरिकेतही परमा, क्लॅमिडिया आणि उपदंश यांची मोजणी आरोग्य खातं बिलांच्या कोडांवरून करत नाही. प्रयोगशाळांना होकारार्थी अहवाल थेट कळवावा लागतो. आणि जिथे प्रत्येक तपासणीला कोड लागतो, पैसाच कोडवर मिळतो, त्या देशातही संशोधकांनी कोड आणि अहवाल शेजारी ठेवून पाहिले तेव्हा सुटलेले रुग्ण सापडले आणि नसलेले रुग्णही सापडले.

राहता राहिलं कृत्रिम बुद्धिमत्तेचं उत्तर: कोड, औषध आणि तपासणी एकत्र करून यंत्र खरं-खोटं ओळखेल. यात तथ्य आहे. कोडासोबत अहवाल आणि औषध जोडलं तर चाळणी बारीक होते, हे मी मानतो. पण अहवालच नसेल तर राहतं फक्त औषध, आणि अॅझिथ्रोमायसिन आपल्या देशात घशाला, खोकल्याला, तापाला, सगळ्यालाच दिलं जातं. त्यावरून परमा ओळखू पाहणारं यंत्र दर पावसाळ्यात विरारमध्ये परम्याची लाट जाहीर करेल.

यावर कुणी म्हणेल, ठीक आहे, आकडा चुकला. त्याने कुणाचं काय बिघडलं? नालासोपाऱ्याचं बिघडेल. २०११ च्या जनगणनेत १२ लाख २२ हजार लोकसंख्या असलेल्या वसई-विरारमध्ये स्वस्त खोली शोधणारा माणूस कुठे येतो हे सर्वांना ठाऊक आहे, आणि त्या वस्तीबद्दल लोक आधीच काय बोलतात हेही. सरकारी दवाखान्यात जाणारे तिथले, खासगीत जाणारे दुसरीकडचे. कोड सरकारी दवाखान्यातले. नकाशा लाल कुठे होणार, हे काढायच्या आधीच सांगता येतं. मग भाड्याने खोली देताना, घरकामाला बाई ठेवताना तो नकाशा लोकांच्या तोंडी येईल. रोगाच्या नावाने माणसांची यादी करण्याचा प्रयोग इंग्रजांनीही करून पाहिला होता. १८६८ च्या सांसर्गिक रोग कायद्याने वेश्याव्यवसायातल्या स्त्रियांची सक्तीने नोंदणी आणि तपासणी सुरू झाली, सैनिक वाचावेत म्हणून. वीस वर्षांनी, १८८८ मध्ये, तो कायदा रद्द करावा लागला. बायका नोंदणी चुकवत राहिल्या. ज्या पुरुषांकडून रोग येत होता त्यांची नोंद कुणी मागितलीच नव्हती.

‘जोखमीच्या’ माणसांचं कोडांवरून केलेलं वर्गीकरणही असंच फसतं. पुण्याच्या गुप्तरोग दवाखान्यांत येणाऱ्या स्त्रियांचा डॉ. रमण गंगाखेडकर आणि सहकाऱ्यांचा अभ्यास १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. वेश्याव्यवसायात नसलेल्या ३९१ स्त्रियांपैकी १३.६ टक्क्यांना एचआयव्ही निघाला. त्यांतल्या बहुतेकींचा संबंध फक्त नवऱ्याशी होता. ‘धोकादायक लैंगिक वर्तन’ असा एक कोड यादीत आहे, झेड-७२.५. या बायकांपैकी कुणाला तो लागला असता? आणि अशी नोंद फुटली तर काय होतं, हेही पाहा. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाने ‘एमएक्स विरुद्ध झेडवाय’ या खटल्यात एचआयव्हीबाधित हंगामी कामगाराला केवळ त्या कारणाने नोकरी नाकारता येणार नाही असं ठरवलं, आणि त्याचं नावही झाकून ठेवलं. एचआयव्हीच्या माहितीला आज २०१७ च्या कायद्याचं खास संरक्षण आहे. परम्याच्या किंवा उपदंशाच्या नोंदीला तसा वेगळा कायदा नाही.

माझ्या विरोधाचा अर्थ मोजू नका असा कुणी काढू नये. मोजाच, पण तपासून मोजा. लक्षणं असलेल्या पुरुषाच्या पुवाची काच रंगवून पाहिली तर शंभरातले नव्वदाहून अधिक परमे तिथल्या तिथे कळतात. त्याला थुंकी तपासणारा सूक्ष्मदर्शकच लागतो. स्त्रियांमध्ये ती काच निम्मे रुग्ण सोडून देते, म्हणून तिथे रेण्वीय चाचणीवर पैसा घालावा लागेल, निदान काही केंद्रांत, निदान नमुन्यादाखल. योनीच्या आम्लतेची पट्टी आणि ताज्या स्रावाची काच एवढ्यावरही बुरशी, ट्रायकोमोनास आणि जंतूंचा असमतोल पुष्कळसे वेगळे काढता येतात, आणि कितीतरी बायकांच्या कागदावरचा नाहक शिक्का टळतो. परम्याचा जंतू कुठल्या औषधाला जुमानेनासा झाला हे तर जंतू वाढवून पाहिल्याशिवाय कळणारच नाही; तो प्रश्न कोडाला विचारण्यात अर्थ नाही.

आणि कोड वापरायचेच असतील, तर आधी त्यांची परीक्षा घ्या. वसई-विरार शहर महानगरपालिकेने आपल्या रुग्णालयांतले दोनशे कोड लागलेले आणि दोनशे न लागलेले केसपेपर, नावं झाकून, दोन स्त्रीरोगतज्ज्ञ आणि एक त्वचा-गुप्तरोगतज्ज्ञ यांच्यासमोर ठेवावेत. कोड लागलेल्यांपैकी किती खरे होते आणि न लागलेल्यांत किती सुटले, हे त्यांनी सांगावं. त्या कामाला नवं सॉफ्टवेअर लागत नाही, निविदा लागत नाही. तीन डॉक्टर आणि थोडे दिवस लागतात. तो निकाल जोडरकाना तोडून, सरळ मराठीत, लोकांसमोर ठेवावा. तोवर या शहरातल्या गुप्तरोगांचा प्रभागनिहाय नकाशा कुणी काढू नये, आणि ‘आपल्याकडे हा प्रश्न नाही’ असं म्हणून कुणी दवाखान्याचा पैसाही कापू नये.